‘विद्यापीठात प्रथम’ म्हणजे नेमके कुणात प्रथम?

निकालाचा हंगाम सुरू झाला की सोलापुरात सात रस्त्यावर, नवी पेठेत आणि पूर्व भागातल्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात. मुलीचा लहानसा फोटो, अभिनंदन करणाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो आणि मध्ये ठळक अक्षरांत ‘विद्यापीठात प्रथम’, अशी या फलकांची ठरलेली मांडणी असते. पुढे हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा एखाद्या मंगल कार्यालयात गुणवंतांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि आई पेढा भरवत असल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. तीन-चार वर्षे नेटाने अभ्यास करणाऱ्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु ‘प्रथम’ हा निष्कर्ष ज्या आकडेमोडीतून आणि ज्या नियमांतून निघतो, ते पालकांना आणि पुष्कळदा खुद्द विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतात. त्यामुळे अवघ्या एका शतांशाने पहिला क्रमांक हुकला की घरात सुतक पडल्यासारखी अवस्था होते.

क्रमांक लावण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. कुणाकुणाची तुलना करायची, ती कशाने मोजायची आणि बरोबरी झाली तर काय करायचे. यांपैकी एकीचे उत्तर बदलले, तर त्याच विद्यार्थ्यांच्या त्याच उत्तरपत्रिकांवरून पहिल्या क्रमांकाला दुसरेच नाव येऊ शकते.

यादी कोणती?

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. ते विद्यापीठ १९६२ सालचे. म्हणजे २००४ पूर्वी दयानंद किंवा संगमेश्वर महाविद्यालयातली एखादी मुलगी बी.ए.ला विद्यापीठात पहिली आली, तर ती कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलामुलींनाही मागे टाकून पहिली आलेली असे. आजचे विद्यापीठ एका जिल्ह्यापुरते आहे. त्यातून आजची पहिली कमी हुशार आहे असा अर्थ कुणी काढू नये. ती ज्या यादीत पहिली आहे ती यादी वेगळी आहे, एवढाच याचा अर्थ.

एकाच शहरात, एकाच वर्षी, निरनिराळ्या याद्या नांदतात हे तर आणखी मजेचे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरात १९६३ पासून आहे, पण तिथली परीक्षा घेते नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्यामुळे एमबीबीएसचा विद्यार्थी ‘विद्यापीठात प्रथम’ येतो तेव्हा त्याची तुलना साऱ्या राज्यातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांशी झालेली असते. जिल्ह्यातल्या कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या यादीत मोजले जातात. केगावच्या, म्हणजे सोलापूरच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातला बी.कॉम.चा विद्यार्थी जिल्ह्याच्या यादीत असतो. आता शहरातली काही महाविद्यालये स्वायत्तही झाली आहेत. ती आपला अभ्यासक्रम आखतात, आपली परीक्षा घेतात. पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. अशा महाविद्यालयाचा पहिला आणि संलग्न महाविद्यालयांतला पहिला यांनी एकच प्रश्नपत्रिका सोडवलेली नसते, त्यामुळे त्यांना एका यादीत बसवायचे की दोन वेगळ्या याद्या करायच्या, याचे उत्तर प्रत्येक विद्यापीठाच्या नियमांत शोधावे लागते.

संख्येचा मुद्दाही इथेच येतो. बी.कॉम.ला हजारो विद्यार्थी बसतात, तर एखाद्या भाषेच्या किंवा सामाजिक शास्त्राच्या विशेष विषयाला दहा-बाराच असतात. दोघांनाही प्रथम क्रमांकाचे प्रमाणपत्र सारख्याच शब्दांत मिळते. दहा जणांत पहिला आलेला विद्यार्थी हजारांतही पहिला आला असता किंवा नसता. प्रमाणपत्रावरून ते कळायला मार्ग नाही. शिवाय पहिला आणि दुसरा यांच्यात अंतर किती, हेही क्रमांक सांगत नाही. ते केसाएवढे असू शकते किंवा बैलगाडी जाईल एवढे.

एका गुणाची किंमत

आता मोजमापाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. पूर्वी सगळ्या पेपरांचे गुण एकत्र केले जात आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी तो पहिला. आजच्या श्रेयांक पद्धतीत, म्हणजे सगळे ज्याला क्रेडिट सिस्टिम म्हणतात तिच्यात, क्रमांक ठरतो सीजीपीएवर, आणि त्याची घडण तीन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक पेपरचे गुण श्रेणीत बदलले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास निवडाधारित श्रेयांक पद्धतीसाठी जो दहा अंकांचा नमुना सुचवला, त्यात ‘ओ’ या सर्वोच्च श्रेणीला १० अंक, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, काठावर पास होणाऱ्या ‘पी’ला ४ आणि नापासाला शून्य आहे. किती गुणांपासून कोणती श्रेणी सुरू करायची, हे विद्यापीठे आपापल्या नियमांत ठरवतात; कुठे ८० गुणांना ‘ओ’ मिळते, तर कुठे त्यासाठी ९० लागतात. दुसऱ्या टप्प्यात श्रेणीच्या अंकाला त्या पेपरच्या क्रेडिटने गुणले जाते. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात साधारण १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. सगळ्या गुणाकारांची बेरीज करून तिला एकूण क्रेडिटने भागले की त्या सत्राचा एसजीपीए निघतो. तिसऱ्या टप्प्यात सर्व सत्रांची हीच सरासरी, पुन्हा क्रेडिटचे वजन लावून, काढली की सीजीपीए मिळतो आणि तो सहसा दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवला जातो.

यातून काय घडू शकते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा ८० व त्यापुढच्या गुणांना १० अंक आहेत आणि ७० ते ७९ ला ९. अंबिका आणि व्यंकटेश यांना सारख्या क्रेडिटचे पाच पेपर आहेत. व्यंकटेशला पाचही पेपरांत बरोबर ८० गुण पडले. अंबिकाला चार पेपरांत ९८, ९७, ९६ आणि ९५ गुण पडले, पण पाचव्यात ७९ वर गाडी थांबली. व्यंकटेशची बेरीज ४००, अंबिकाची ४६५. पण व्यंकटेशला पाचही पेपरांत १० अंक मिळाल्याने त्याचा एसजीपीए पूर्ण १० झाला, तर अंबिकाचा चार वेळा १० आणि एकदा ९ मिळून ९.८. जुन्या पद्धतीत ६५ गुणांनी पुढे असलेली अंबिका नव्या पद्धतीत दुसरी आली, आणि तीही एका पेपरातल्या एका गुणामुळे.

उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे. प्रत्यक्षात असे पाचही पेपर काठावर क्वचितच येतात. पण लहान प्रमाणात हेच सतत घडत असते, कारण श्रेणी देताना गुणांचा पट्टा एका अंकात मुडपला जातो. ८१ आणि ९९ एकच होतात, ७९ आणि ८० मात्र वेगळे पडतात.

क्रेडिटचे वजनही असेच डोळ्याआड राहते. चार क्रेडिटच्या पेपरात १० आणि दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकात ८ मिळवणाऱ्याची सरासरी ९.३३ येते. हेच अंक उलटे पडले, म्हणजे पेपरात ८ आणि प्रात्यक्षिकात १०, तर ती ८.६७ होते. कोणत्या पेपरला किती क्रेडिट आहेत हे सत्राच्या सुरुवातीलाच अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेले असते, पण ती पुस्तिका उघडून पाहणारे विद्यार्थी थोडे. क्रमांकाच्या शर्यतीत असलेल्यांनी तरी ती पाहावी.

आता तीन वर्षांचा हिशेब. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी साधारण १२० ते १३२ क्रेडिट धरले आहेत. १३२ धरले, तर चार क्रेडिटच्या एकाच पेपरात श्रेणी एका पायरीने वर गेल्यास अंतिम सीजीपीए ४ भागिले १३२, म्हणजे ०.०३ ने वाढतो. दोन क्रेडिटच्या पेपरात तो जेमतेम ०.०१५ ने वाढतो. म्हणून निकालात ९.४७ आणि ९.४५ असे दोन आकडे दिसले आणि पहिल्याला सुवर्णपदक मिळाले, तर त्या दोघांमधला तीन वर्षांचा सगळा फरक कदाचित दोन क्रेडिटच्या एका पेपरात ७९ ऐवजी ८० पडण्याएवढाच असेल. त्यात पुन्हा दोन दशांशांनंतरचे अंक पूर्णांकित केले जातात: ९.४५६ आणि ९.४६४ हे दोन्ही गुणपत्रकावर ९.४६ होऊन उतरतात.

तो एक गुण कुठून येतो, हेही पाहण्यासारखे आहे. कॅप केंद्रात, म्हणजे जिथे उत्तरपत्रिका एकत्र आणून तपासल्या जातात तिथे, नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक असलेल्या गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका परीक्षकाच्या हाती येते. दीर्घोत्तरी प्रश्नाला दहापैकी सात द्यायचे की साडेसात, हे तो आदर्श उत्तरसूची समोर ठेवून आणि आपल्या अनुभवाने ठरवतो. तीच उत्तरपत्रिका दुसऱ्या तितक्याच प्रामाणिक परीक्षकाकडे गेली, तर एकूण गुणांत दोन-चारांचा फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि हे गृहीत धरूनच काही उत्तरपत्रिका नियामकाकडून पुन्हा पाहिल्या जातात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तर प्रत्येक महाविद्यालय स्वतः देते. एखादे महाविद्यालय वीसपैकी सरसकट अठरा देते, दुसरे चौदाच्या वर जात नाही. ही तफावत लेखी परीक्षेतल्या फरकापेक्षा मोठी असू शकते, आणि माझ्या मते विद्यापीठ पातळीवरच्या क्रमांकांतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

खरे तर श्रेणीपद्धत आणण्यामागचा एक हेतूच असा होता की एक-दोन गुणांच्या फरकाला अवाजवी महत्त्व देऊ नये. ज्यांच्यात खरोखर फरक सांगता येत नाही त्यांना एका श्रेणीत बसवावे. मग त्याच श्रेणींची सरासरी काढून, ती दोन दशांशांपर्यंत नेऊन, तिच्यावर पहिला-दुसरा ठरवणे म्हणजे पुढच्या दाराने घालवलेली गोष्ट मागच्या दाराने घरात घेणे होय.

पात्रता आणि पदके

सीजीपीए सर्वाधिक असला म्हणून नाव आपोआप यादीत चढत नाही. विद्यापीठांच्या नियमांत सर्वसाधारणपणे अशा अटी आढळतात: विद्यार्थी सर्व विषय पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेला असावा, त्याने अभ्यासक्रम नेमलेल्या मुदतीत पूर्ण केलेला असावा, कोणत्याही सत्रात एटीकेटी लागलेली नसावी आणि त्याच्यावर परीक्षेतल्या गैरप्रकाराची कारवाई झालेली नसावी. आजारपणामुळे एखादा पेपर हुकला आणि तो पुढच्या सत्रात उत्तम गुणांनी सोडवला, तरी ‘पहिला प्रयत्न’ मोडलेला असतो. हे काहींना कठोर वाटते, पण एका विषयाला सहा महिने जास्त मिळालेल्या विद्यार्थ्याची इतरांशी तुलना कशी करायची, या प्रश्नावर अजून तरी कुणाला याहून सरळ तोडगा सापडलेला नाही.

पुनर्मूल्यांकनाचा प्रश्न याहून नाजूक. निकाल लागल्यावर विद्यार्थी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतो, पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करतो आणि कधी कधी गुण वाढतात. वाढलेले गुण उत्तीर्ण होण्यासाठी धरले जातातच. क्रमांकासाठी आणि पदकासाठी ते धरायचे की नाहीत, याबाबत मात्र विद्यापीठागणिक नियम वेगळे आहेत. क्रमांकाची शक्यता असलेल्या विद्यार्थ्याने अर्ज करण्यापूर्वीच परीक्षा विभागात हे विचारून घ्यावे, आणि शक्य तर लेखी उत्तर घ्यावे. निकालाच्या दिवशी महाविद्यालयाने लावलेला ‘प्रथम’चा फलक आणि दीक्षान्त समारंभात वाचली जाणारी यादी यांत कधी फरक दिसतो, त्याचे एक साधे कारण हेच असते.

बरोबरी झाल्यास बहुतेक ठिकाणी मूळ गुणांकडे परतले जाते. ज्याच्या गुणांची एकूण बेरीज जास्त तो पुढे. तीही सारखी असेल तर शेवटच्या वर्षाचे किंवा मुख्य विषयाचे गुण पाहिले जातात. तरीही निकाल लागला नाही तर दोघांना प्रथम घोषित केले जाते. वरच्या उदाहरणातल्या अंबिकाला या नियमाचा उपयोग नाही, कारण तिथे बरोबरी झालेलीच नाही. गुणांची बेरीज बोलावली जाते ती बरोबरीनंतरच.

सुवर्णपदक आणि प्रथम क्रमांक या दोन गोष्टी लोक एकच समजतात, पण त्या वेगळ्या आहेत. विद्यापीठातली बरीच पदके देणगीदारांनी ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून दिली जातात आणि त्यांच्या अटी देणगीदाराशी झालेल्या कराराप्रमाणे असतात. कुणी आपल्या दिवंगत वडिलांच्या नावे लेखाकर्म विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला पदक ठेवतो, तर कुणी आईच्या नावे मराठी विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीला. त्यामुळे एकाच मुलीला चार पदके मिळतात आणि एकूण सीजीपीएमध्ये पहिल्या आलेल्या मुलाला एकही मिळत नाही, असेही होते, आणि त्यात कुणाची चूक नसते. अभ्यासक्रम बदलला की मात्र पंचाईत होते: अटीत ज्या पेपरचे नाव लिहिलेले आहे तो पेपरच नव्या रचनेत उरलेला नसतो, मग अधिकार मंडळापुढे विषय नेऊन अटीचा अर्थ लावावा लागतो. जाता जाता पदकातल्या सोन्याविषयी. ते अनेक ठिकाणी चांदीवरचा मुलामा असते, आणि त्यात हिरमुसण्यासारखे काही नाही. ऑलिंपिकमध्येही अस्सल सोन्याचे पदक शेवटचे दिले गेले ते १९१२ साली.

केंब्रिजची यादी

क्रमांकाचे वेड आपल्याकडचेच आहे असा समज असेल तर केंब्रिज विद्यापीठाकडे पाहावे. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रथम वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांची नावे गुणानुक्रमे जाहीर होत. पहिला तो सीनियर रँग्लर. हा मान मिळवणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. ते दापोलीजवळच्या मुर्डीचे, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून केंब्रिजला गेलेले आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले. महाराष्ट्राने त्यांना आयुष्यभर ‘रँग्लर परांजपे’ म्हणूनच ओळखले. वर्ष १८९९. मराठी माणसाला हे ठाऊक असते, पण त्या वर्षी ते एकटे पहिले नव्हते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते; जॉर्ज बर्टविसल या विद्यार्थ्याचे नाव त्यांच्या बरोबरीने लागले होते. बरोबरी झाल्यावर दोघांनाही पहिले म्हणायचे, हा नियम तेव्हाही होता आणि त्याने परांजप्यांच्या कर्तृत्वाला काही बाधा आली नाही.

त्याआधी नऊ वर्षे, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने त्याच परीक्षेत सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळवले होते. परंतु स्त्रियांची नावे मुख्य यादीत घेण्याची पद्धत नसल्यामुळे तिचे स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे वेगळे वाचून दाखवण्यात आले, आणि अधिकृत पहिला दुसराच राहिला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये. उत्तरपत्रिकेत ती पहिली होती आणि नियमात नव्हती.

या यादीत दुसरे आलेल्यांची नावे तर चक्रावून टाकणारी आहेत. विद्युतचुंबकीय सिद्धान्त मांडणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८५४ चे सेकंड रँग्लर, ज्यांच्या नावाने तापमानाचे एकक आहे ते लॉर्ड केल्व्हिन १८४५ चे सेकंड रँग्लर, इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन १८८० चे सेकंड रँग्लर. परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी शिकवणीवाले तेव्हाही होते. त्यांतले एडवर्ड राउथ यांच्या हाताखाली पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर तयार झाले. परीक्षेचे तंत्र शिकवून क्रमांक आणता येतात, हे दिसल्यावर परीक्षा नेमके काय मोजते अशी शंका घेतली जाऊ लागली. जी. एच. हार्डी हे थोर गणिती, जे स्वतः १८९८ मध्ये चौथे आले होते, या परीक्षेचे कडवे टीकाकार झाले. अखेर १९०९ नंतर केंब्रिजने गुणानुक्रम जाहीर करणे थांबवले आणि वर्गवार, पण वर्णानुक्रमे नावे लावण्याची पद्धत सुरू केली.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या बाबतीत जवळजवळ हेच झाले. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, आणि एके काळी ‘बोर्डात आला’ हे दोन शब्द त्या मुलाच्या नावाला जन्मभर चिकटत. गुणवत्ता यादीत मुले आणणारा शेजारचा ‘लातूर पॅटर्न’ इतका गाजला की सोलापूर, बार्शीकडची मुले अकरावी-बारावीला तिकडे खोल्या घेऊन राहू लागली. राज्य मंडळाने पुढे ती यादी जाहीर करणे बंद केले. त्यानंतर सर्वोत्तम पाच विषयांची पद्धत आणि कला-क्रीडेचे सवलतीचे गुण यांमुळे दहावीत १०० टक्के मिळवणारे इतके झाले, की यादी चालू असती तरी पहिल्या क्रमांकासाठी पान पुरले नसते.

प्रवेश परीक्षांत मात्र क्रमांक वेगळ्या रूपाने जिवंत आहे. एमएचटी-सीईटीत १०० पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ पैकीच्या पैकी गुण मिळाले असा नाही. ही परीक्षा अनेक सत्रांत, म्हणजे वेगवेगळ्या वेळी गटागटाने होते; आपल्या सत्रात आपल्याएवढे किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती जणांना मिळाले, त्या संख्येला एकूण परीक्षार्थींनी भागून १०० ने गुणले की पर्सेंटाइल निघते. समजा एका सत्रात २५,००० विद्यार्थी बसले. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याच्या बाबतीत ही संख्या पूर्ण २५,००० येते, म्हणून त्याला १०० पर्सेंटाइल मिळणारच, मग त्याचे गुण २०० पैकी १९५ असोत वा १७०. दुसरा आलेला ९९.९९६ वर असतो. परीक्षा जितक्या सत्रांत होईल, किमान तितके शंभर पर्सेंटाइलवाले निघतात.

पुढे काय होते?

अमेरिकेत शाळा संपताना वर्गात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला व्हॅलेडिक्टोरियन म्हणतात आणि निरोप समारंभात भाषणाचा मान त्याला मिळतो. दुसऱ्याला सॅल्युटेटोरियन म्हणतात. तिथेही कठीण विषयांना जास्त वजन द्यायचे की नाही यावरून वाद होतात, आणि काही शाळांत एकाच वर्षी अनेक व्हॅलेडिक्टोरियन असतात. टेक्सास राज्याने १९९७ मध्ये कायदा करून प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश दिला. गावातल्या साध्या शाळेतला पहिला आणि शहरातल्या श्रीमंत शाळेतला पहिला यांना तिथे सारखाच हक्क मिळाला. यादी लहान असण्याचा उपयोग न्यायासाठीही करता येतो, याचा हा नमुना.

अशा पहिल्यांचे पुढे काय होते, याचा माग कॅरन अरनॉल्ड या संशोधिकेने घेतला. इलिनॉय राज्यातून १९८१ मध्ये शाळेत पहिल्या-दुसऱ्या आलेल्या ८१ जणांचा तिने पुढची १४ वर्षे पाठपुरावा केला. त्यांतले बहुतेक जण महाविद्यालयातही उत्तम गुणांनी शिकले आणि चांगल्या व्यवसायांत स्थिरावले. नेमून दिलेले काम चोख करणारी ही माणसे होती. प्रस्थापित चौकट मोडणारे त्यांत विशेष निघाले नाहीत. मला त्यातले दुसरे निरीक्षण जास्त महत्त्वाचे वाटते. महाविद्यालयात मुलींचे गुण मुलांपेक्षा कमी नव्हते, तरीही ‘मी बुद्धीने इतरांच्या पुष्कळ पुढे आहे’ असे स्वतःविषयी म्हणणाऱ्या मुलींचे प्रमाण काही वर्षांत झपाट्याने घसरले; मुलांचे तसे घसरले नाही. आपल्याकडे दीक्षान्त समारंभांच्या पदकयाद्यांत मुलींची नावे ठळकपणे दिसत असताना हे निरीक्षण बाजूला सारता येण्यासारखे नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. नोकरीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात बहुधा टक्केवारी विचारतात, आणि सीजीपीएवरून ती काढण्याचे सूत्र सगळीकडे एक नाही. अभियांत्रिकीत सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० ने गुणण्याचे सूत्र पुष्कळ ठिकाणी चालते. सीबीएसईने आपल्या दहावीसाठी ९.५ ने गुणण्याचे सूत्र वापरले होते. ९.२ सीजीपीए पहिल्या सूत्राने ८४.५ टक्के होतो आणि दुसऱ्याने ८७.४. म्हणून अर्ज भरताना इंटरनेटवर सापडेल ते सूत्र न वापरता आपल्या विद्यापीठाने गुणपत्रकाच्या मागे छापलेले सूत्रच वापरावे. ते तिथे छापलेले नसेल तर परीक्षा विभागात अर्ज करून रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे आणि प्रथम क्रमांकाचे प्रमाणपत्र मागताना त्यावर विषय, वर्ष आणि एकूण किती परीक्षार्थींमध्ये हा क्रमांक आहे, याची नोंद करून मिळते का, तेही त्याच खिडकीवर विचारावे.